पालकांची सही

"आबा, इथं सही करा ना लवकर, रिक्षा येईल," नातीनं क्लासची निबंधाची वही पुढे केली. दहापैकी नऊ गुण होते.

साठाव्या वर्षी साक्षरता वर्गात मी अक्षरं शिकलो. तेव्हापासून वाचल्याशिवाय सही करत नाही. बोट ठेवून वाचू लागलो. निबंध 'माझे आजोबा' या विषयावर होता. तिसऱ्या ओळीत मी वारलो होतो. पाचव्या ओळीत होतं, 'ते अडाणी होते. मरेपर्यंत अंगठाच लावत.'

"हे काय गं?"

"सरांची युक्ती आहे. परीक्षेत निबंधात कुणीतरी मेलं पाहिजे. तपासणाऱ्याला वाईट वाटलं की गुण वाढतात. माझ्या मैत्रिणीनं तर आईलाच मारलं."

"मेलो ते ठीक. पण अडाणी कशाला?"

"तुम्ही म्हातारपणी वाचायला शिकलात, असंच लिहिलं होतं मी. सरांनी खोडलं. म्हणाले, अडाणी म्हातारा जास्त चालतो."

तोंडातली सुपारी मी खिडकीबाहेर थुंकून टाकली. सहीच्या रेघेवर सावकाश लिहिलं, 'वाचलं. किळस आली.' खाली माझं पूर्ण नाव घातलं, एकही अक्षर न गाळता.