पुढचा भाग कुणाकडे

"'लेखकाला शेवट सुचला नाही, म्हणून त्याने वाचकाला जिन्यात उभं करून पळ काढला.'" शिंपीमामांनी रविवारच्या पुरवणीतलं वाक्य मोठ्यांदा वाचलं आणि पेपर टेबलावर टाकला. "बरोबर लिहिलंय मास्तरांनी. हातोहात खपतंय म्हणून काय झालं?"

"मामा, दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी पिऊ नका," समोर बसलेल्या सिस्टर म्हणाल्या. दवाखान्यातली ड्यूटी संपवून त्या थेट वाचनालयात आल्या होत्या. "तुम्ही स्वतः वाचलंय का पुस्तक?"

"नाही. आणि आता वाचणारही नाही. ताई, यादीतून माझं नाव खोडा."

काउंटरमागे बसलेल्या ग्रंथपाल ताईने मुकाट्याने नाव खोडलं. सकाळपासूनचं हे नववं. परीक्षण लिहिणारे मास्तर खिडकीपाशी नेहमीच्या खुर्चीत बसले होते, ऐकून न ऐकल्यासारखे. शाळेतून निवृत्त झाले तरी पुरवणीतलं लिहिणं त्यांनी सोडलं नव्हतं. तीस वर्षं त्यांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. त्यांच्या पत्नी, म्हणजे सगळ्यांच्या काकू, गेल्यापासून मात्र त्यांची लेखणी जरा जास्तच टोचायला लागली होती, असं ताईला वाटायचं.

पुस्तक म्हणजे सातशे पानांची रहस्यकथा. प्रत एक, मागणारे चाळीस. तेव्हा तिने अण्णांची जुनी युक्ती काढली होती. अण्णा म्हणजे तिचे वडील, हेच वाचनालय चालवायचे. जाडजूड पुस्तक आलं की सुरीने त्याचे कधी दोन, कधी तीन तुकडे करायचे, वेगवेगळे बांधायचे आणि एकाच वेळी दोन-तीन घरांत फिरवायचे. प्रत्येक भागाच्या मागच्या पानावर चिठ्ठी असायची, पुढचा भाग अमक्याकडे. ज्याने त्याने त्या घरी जाऊन तो आणायचा. संध्याकाळी लोक बगलेत अर्धीमुर्धी पुस्तकं घेऊन हिंडायचे, दारातूनच 'खुनी कोण ते सांगू नका हं' म्हणून बजावायचे, आणि भाग मागायला गेलेला माणूस चहा घेतल्याशिवाय सुटायचा नाही. लहानपणी तिला वाटायचं, जगातली सगळी पुस्तकं अशी तुकड्यांतच असतात. परवा किती वर्षांनी बांधणीसाठी खळ शिजवली, तर त्या वासाने तिचे डोळे भरून आले होते.

"मास्तर, स्पष्ट बोलते, राग मानू नका," सिस्टर म्हणाल्या. "शेवटची पानं वाचताना मी दोनदा दूध उतू घालवलं. आणि तुम्ही म्हणता, शेवटच नाही?"

मास्तर वळले. "कुठला शेवट, सिस्टर? बाई जिन्यात उभी आहे, वरचं दार उघडतं आणि पुस्तक खलास. याला शेवट म्हणायचं, तर अर्धवट कशाला म्हणायचं?"

जिन्यातलं ते पान ताईच्या चांगलंच ओळखीचं होतं. तिथेच तिने सुरी घातली होती.

सिस्टरनी ताईकडे पाहिलं. तिसरा, शेवटचा भाग त्यांच्या पिशवीत होता. तीन आठवडे झाले तरी तो न्यायला कोणी आलं नव्हतं, म्हणून आज त्या परत द्यायला आल्या होत्या.

म्हणजे दोन भाग वाचून मास्तरांनी अख्ख्या पुस्तकाचा निकाल लावला होता. हे शिंपीमामांच्या दुकानात पोचलं की संध्याकाळपर्यंत गावभर होणार आणि तीस वर्षांच्या नावाचं हसं होणार. पहिला भाग परत केला त्या दिवशी दुसरा इथेच होता, तो तिनेच मास्तरांच्या हातात दिला होता. मग चिठ्ठी लावायची राहिली होती का? आता तोच भाग तिच्यासमोर पडला होता. तिने मागचं पान उघडलं. चिठ्ठी होती, तिच्याच अक्षरात. 'तिसरा भाग सिस्टरकडे, दवाखान्यामागचे क्वार्टर्स.' तिने पुस्तक मिटलं.

"चूक माझी आहे, मास्तर," ती म्हणाली. "अजून एक भाग आहे. चिठ्ठी लावायची राहून गेली माझ्याकडून. तुम्हाला कळणार तरी कसं?"

शिंपीमामांनी आ वासला. "म्हणजे तुमच्या वेंधळेपणापायी मास्तर तोंडघशी पडले की, ताई."

"हो, मामा."

तिला अजिबात वाईट वाटलं नाही. उलट हायसं वाटलं.

मास्तर उठून काउंटरपाशी आले. ती हात ठेवायच्या आत त्यांनी पुस्तक ओढून घेतलं आणि मागचं पान उघडलं. चष्मा वर करून, वर्गात वाचावी तशी, ती चिठ्ठी सगळ्यांना ऐकू जाईल अशी वाचली. सिस्टरनी पिशवीतून तिसरा भाग काढून हळूच त्यांच्यापुढे सरकवला.

"माझ्यासाठी खोटं नको बोलूस, पोरी," मास्तर म्हणाले. "पुढच्या रविवारी माझी चूक मीच छापून आणतो. मामा, तुम्ही नाव परत लिहा यादीत."

मग ते चिठ्ठीवरून बोट फिरवत राहिले.

"मागच्या पानावर चिठ्ठी असते, हे मला ठाऊक आहे गं. पण आमच्याकडे चिठ्ठी बघायची ती तुझी काकू. मी एक भाग संपवायचो, तोवर पुढचा उशाशी आणून ठेवलेला असायचा. या वेळी उशाशी हात घातला, काहीच नव्हतं. म्हटलं, संपलं पुस्तक."