चाकावर पाणी

सत्यमनं गाडी थेट आणून गर्दीसमोर उभी केली. तीन फेऱ्या त्यानं जीव खाऊन मारल्या होत्या आणि प्रत्येक वळणावर, गरज असो नसो, ब्रेकवर उभा राहिला होता. गाडी थांबली तरी त्याचा पाय पेडलवरून उठेना. पुढच्या दोन्ही चाकांतून जळका वास येत होता.

असं करायचं नसतं, हे त्याला मोठ्या भावानं, दयानंदनंच शिकवलं होतं. शर्यतीत ब्रेकच्या चकत्या तव्यासारख्या तापतात. म्हणून शर्यत संपली की आणखी दोन फेऱ्या ब्रेकला पाय न लावता रमतगमत मारायच्या, चकत्यांना वारा खाऊ द्यायचा आणि मग पेडल न दाबता चाकामागं दगड लावून गाडी उभी करायची. बंपरला भोकं पाडून विहिरीच्या मोटरचा पाइप आत चाकापर्यंत नेण्याची अक्कलही दयानंदचीच. धावत्या गाडीचा वारा त्यातून ब्रेकला लागायचा. गाडी दोघांनी मिळून बांधली होती. आता तिच्यावरच दोघांचा फैसला होता. हदगाव रोडवरचं गॅरेज एक आणि एकमेकांना पाण्यात पाहणारे भाऊ दोन. कापसाच्या बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याच्या आवारात पोरं रविवारी टायरं मांडून शर्यती लावायची, तिथंच तीन फेऱ्या मारायच्या, ज्याला जास्त वेळ लागेल त्यानं गॅरेज सोडायचं, असं चार लोकांत ठरलं होतं. एक उतरला की दुसऱ्यानं लगेच बसायचं, हेही ठरलं होतं. ही शेवटची अट सत्यमची.

दादाचा जीव घ्यावा असं त्याच्या मनात नव्हतं, एवढं त्याच्या बाजूनं म्हणायला हवं. तापल्या ब्रेकचं पेडल मऊ पडावं, दादानं बिचकून वेग सोडावा आणि हरावं, एवढंच त्याला हवं होतं.

भावाची फेरी बघायचीच नाही म्हणून दयानंद इतका वेळ गोदामामागं पाठ फिरवून बसला होता. तो आता हेल्मेट घेऊन आला. सत्यमच्या तोंडाकडं न बघता त्यानं विचारलं, "गार करून आणली का?"

"हाव," सत्यम गाडीतून उतरत म्हणाला.

तेवढ्यात दयानंदची बायको उज्वला ताट आणि तांब्या घेऊन पुढं आली. नवा ट्रॅक्टर असो की नवरदेवाची जीप, चाकावर पाणी घातल्याशिवाय त्या घरातून गाडी कधी हलली नव्हती. आज तर नवऱ्याच्या पोटापाण्याचा सवाल होता. तिनं नवऱ्याला ओवाळलं आणि पुढच्या चाकाशी वाकली.

सत्यम एक पाऊल पुढं झाला. एवढ्या तापल्या लोखंडावर गार पाणी पडलं की ते तडकतं, हे गॅरेजातल्या माणसाला सांगावं लागत नाही. 'वैनी, थांबा,' एवढंच म्हणायचं होतं. पण मग चार लोक विचारणार, का थांबा? चाकं तापली कशी? त्याचं उत्तर म्हणजे गॅरेजवर पाणी सोडणं. त्यानं दातावर दात दाबले.

उज्वलानं तांब्या कलता केला. चर्र झालं आणि वाफेचा लोट उठला. ती दचकून मागं सरली, पोरं हसली. त्या वाफेत बारीकसा आवाज आला, काचेची बांगडी पिचावी तसा. हसण्यात तो बाकी कुणाला ऐकू गेला नाही. मग तिनं दुसऱ्या चाकावरही पाणी घातलं.

"लई तापली होती बिचारी," ती समाधानानं म्हणाली. "बरं झालं पाणी घातलं."

दयानंद वाफेकडं बघत राहिला. मग खाली वाकून त्यानं चाकाच्या फटीतून आत पाहिलं, बराच वेळ. आता हा आपली गचांडी धरणार, म्हणून सत्यमनं अंग आखडून घेतलं. धरली असती तर बरं झालं असतं. दयानंद उठला, गुडघे झटकले, चाकामागं कुणीतरी लावलेला दगड पायानं सारला आणि डाव्या बाजूचं दार उघडलं.

"बस."

"मला कशाला बसवून राहिला?"

"गार करून आणली म्हणलास ना? मग बस."

लोकांना वाटलं, भाऊ-भाऊ एक झाले. कुणीतरी शिट्टी मारली. उज्वलाचे तर डोळेच भरून आले. तिनं ओल्या बोटानं सत्यमच्या कपाळाला कुंकू लावलं आणि म्हणाली, "दोघं संगट जा, संगट या, भाऊजी."

एवढ्या लोकांदेखत आता नाही कसं म्हणायचं? सत्यम बसला. त्यानं पट्टा लावला.

दयानंदनं गाडी सोडली ती सुसाट. आवाराच्या टोकाला गोदामाची दगडी भिंत होती आणि तिच्या अलीकडं लिंबाच्या झाडापाशी चुन्याची रेघ. ती दोघांनी मिळूनच मारली होती. रेघेवर ब्रेक दाबला तर वळण मिळतं, नाहीतर भिंत. झाड जवळ येत होतं आणि गाडीचा वेग वाढतच होता. दयानंदनं भावाकडं पाहिलं नाही.

"सांग," तो शांतपणे म्हणाला. "ब्रेक कुठं दाबू?"

सत्यमनं तोंड उघडलं. चुन्याची रेघ मागं गेली. डाव्या बाजूला पेडल नसतं हे जन्मभर ठाऊक असून त्याचे दोन्ही पाय खालचा पत्रा दाबत होते.