शेऱ्याचा रकाना

वकीलसाहेबांनी नवा काळा कोट चढवला, आरशात पाहिलं आणि म्हणाले, "मास्तर, हा उजवा खांदा कुणाचा लावलात मला?"

खांदा चांगलाच उतरलेला दिसत होता. मास्तरांनी टाचण्या लावून पाहिल्या, पाठीवरून हात फिरवला. शिवणीत चूक नव्हती. खांदाच तसा होता.

"पंधरा वर्षं तुमच्याकडे शिवून घेतोय. असा कधी दिसलो नाही."

मास्तर नव्या कॉम्प्युटरपाशी गेले. छाती, बाही, उंची, सगळे आकडे बरोबर होते. त्याखाली शेऱ्याचा रकाना असायचा. माप घेतलं की बायको तिथे चार शब्द लिहायची आणि ते वाचून मास्तर कापड कापायचे. 'उजव्या खांद्यात कापसाचा एक थर जास्त. यांना सांगू नये.' असलं काहीतरी. आता तिथे काहीच नव्हतं. त्यांनी दुसरं गिऱ्हाईक उघडलं, तिसरं उघडलं.

मुलगी मागे येऊन उभी राहिली. नवं सगळं तिनेच बसवलं होतं.

"मी नावं मोजली होती, बाबा. जुन्या कॉम्प्युटरात तीन हजार एकशे बारा, नव्यातही तेवढीच. आत उघडून नाही पाहिलं." मग म्हणाली, "जुन्यात असेल की. जुनं मशीन कुठंय?"

मास्तरांनी टाचण्यांची डबी बंद केली.

"महिनाभर दोन्ही चालू ठेवायची ठरली होती ना?"

चौथ्याच दिवशी त्यांनी ते भंगारात दिलं होतं. सकाळी बटण दाबलं की आतला पंखा घरघरायचा आणि त्यांची मान आपोआप बायकोच्या खुर्चीकडे वळायची. ती गेल्यापासून रोज.

"नको झालं होतं गं."

मुलीने भंगारवाल्याला फोन लावला. त्याने ते केव्हाच फोडून विकलं होतं.

वकीलसाहेब आरशासमोरून हलले नव्हते. "म्हणजे वहिनी होत्या तोवर मी सरळ होतो म्हणायचा," ते म्हणाले. हसलं कुणीच नाही.

मास्तरांनी स्वतःचं नाव उघडलं. गेल्या वर्षी बायकोने त्यांचंही माप घेतलं होतं. टेप गळ्यात तशीच ठेवून ती बराच वेळ टाइप करत बसली होती, गालातल्या गालात हसत.

"एवढं काय लिहितेस?"

"वाचा सवडीने."

छाती अडतीस. बाही चोवीस.

वाचायचं राहून गेलं होतं.