गुडघाभर खड्डा

त्रिवेणीबाई खड्ड्यात उतरल्या आणि उभ्या राहिल्या. खड्डा त्यांच्या गुडघ्यापर्यंत आला. मुरमाचा ट्रक उलटा येत होता, तो कचकन थांबला.

"अम्मा, हटो. मट्टी डालना है," गँगचा मुकादम ओरडला.

"नक्को. पहले पुलिस देखेंगे, फिर डालो."

बरकतपुऱ्याच्या त्या वळणावर एका नव्या कंपनीने इंटरनेटची केबल पुरली होती. केबल जमिनीखाली गेली, कंपनी पुढच्या रस्त्याला गेली, खड्डा तेवढा गल्लीला ठेवला. तो बुजवा म्हणून त्रिवेणीबाईंच्या नवऱ्याने, उमाजीरावांनी, वॉर्ड ऑफिसात पाच अर्ज दिले. ते कॉलनी कमिटीचे सेक्रेटरी होते. परवा संध्याकाळी त्यांची स्कूटर याच खड्ड्यात गेली आणि ते उठलेच नाहीत. आज सकाळी आठच्या ठोक्याला ट्रक हजर. बैल गेला अन् झोपा केला म्हणतात तो असा; आणि झोपा करणाऱ्यांना घाई तरी केवढी!

त्रिवेणीबाईंनाही घाई होती. ठाण्यात लिहिलं होतं की स्कूटरवाला स्वतःच्या बेपर्वाईने पडला. म्हणजे गुन्हा मेलेल्या माणसावरच. खड्ड्याचं काय, असं त्यांच्या मुलाने, रितेशने, विचारलं तेव्हा हवालदार म्हणाला होता, सकाळी जागा बघतो, खड्डा असला तर लिहितो. तीस वर्षं रस्त्याची डावी बाजू न सोडलेला माणूस, आणि तो बेपर्वा! त्रिवेणीबाईंना दुसरं काही नको होतं. चूक ह्यांची नव्हती, एवढी एक ओळ हवी होती.

मागे गाड्या तुंबल्या. एका नव्या कोऱ्या मारुतीने हॉर्नवरचा हात काढलाच नाही. शेजारच्या मीनाताई आणि उषावहिनी चार हात लांब उभ्या राहून म्हणत होत्या, "अहो, सुतकात असं रस्त्यावर येतात का? चला बघू घरी." पण सुतकातल्या बाईला हात कोण लावणार? मुकादमाची तर छातीच होईना. या शिवाशिवीने त्रिवेणीबाईंचा जन्मभर जीव खाल्ला होता, आज पहिल्यांदा ती कामाला आली.

तेवढ्यात वॉर्डाचे इंजिनियर नरसिंगराव आले आणि त्यांच्या पाठोपाठ हवालदाराची मोटारसायकल. रितेशही धावत आला, मुंडण केलेल्या डोक्यावर रुमाल बांधून.

"देखो हेडसाब," त्रिवेणीबाई म्हणाल्या, "येईच गड्डा. मैं खडी हूँ सो."

हवालदाराने खड्डा पाहिला, वही काढली, पेन उघडलं. त्रिवेणीबाईंच्या जिवात जीव आला. नरसिंगरावांनी मात्र मान खाली घालून पिशवीतला एक कागद हवालदाराच्या हातात दिला. त्याने तो वाचला आणि रितेशकडे दिला.

रितेशने वाचला. "आई, वर ये."

"काय लिहिलंय?"

"इंग्लिशमध्ये आहे."

"मग तुला कशाला शिकवलं?"

"लिहिलंय की... पिट फिल्ड. रोड लेव्हल केला. रेसिडेंट्स सॅटिस्फाइड आहेत. डेट मागच्या महिन्याची आहे, आई. महिन्याचा लास्ट डे."

त्यांनी कागद ओढून घेतला. त्यातला एकच शब्द त्यांना वाचता येत होता. खाली, शिक्क्याच्या शेजारी, ठसठशीत मराठीत: उमाजी. बँक असो की कचेरी, उमाजीरावांनी दुसऱ्या लिपीत सही कधी केली नाही.

त्रिवेणीबाईंना मागच्या महिन्यातली ती संध्याकाळ आठवली. नरसिंगराव त्यांच्याच घरी खुर्चीच्या काठावर बसले होते. "कल गँग भेजतौं, साब. पन रिपोर्ट आजच देना है." बऱ्याच वर्षांनी निवडून आलेल्या कौन्सिलने नवा नियम केला होता, रहिवाशांची सही असल्याशिवाय काम झालं असं धरायचं नाही. उमाजीरावांना त्या नियमाचं भारी कौतुक. आता आपल्या सहीशिवाय पान हलत नाही, असं ते सगळ्यांना सांगत सुटले होते. तरी त्या दिवशी त्यांचं पेन अडलं. "काम झाल्यावर करतो की," ते म्हणाले. आणि चहा घेऊन आलेल्या त्रिवेणीबाईच म्हणाल्या होत्या, "करा हो सही. दारात आलेल्या माणसाला किती ताटकळत ठेवायचं? उद्या बुजवतो म्हणतायत ना."

गँग दुसऱ्या दिवशी आली नाही. आणि कागदावर झालेल्या कामाला पुन्हा माणसं पाठवायची कशी, असं कुणी विचारलं असतं, तर तेही बरोबरच होतं.

"उनो बहोत शरीफ आदमी थे, अम्मा," नरसिंगराव पुटपुटले. त्यांचे डोळे खरंच भरले होते.

रितेशने हात पुढे केला. त्रिवेणीबाईंनी तो धरला नाही. पाय रोवून त्या हवालदाराकडे बघत राहिल्या. "पन मैं इसमें खडी हूँ ना, हेडसाब. दिखताय ना तुमना?"

"दिखताय, अम्मा," हवालदार म्हणाला. मग त्याने कागदाकडे पाहिलं, वही मोटारसायकलच्या सीटवर ठेवली आणि बराच वेळ लिहिलं. लिहिलेलं घरच्यांना वाचून दाखवायचा नियम होता. तो खड्ड्याच्या काठाशी आला आणि आतल्या बाईंना नीट ऐकू जावं म्हणून खाली वाकून हळू आवाजात वाचू लागला:

"जगा खुद देखी. रस्ता बराबर है. गड्डा कहीं बी नै."