बर्फातली वाट

नवऱ्याने खुर्ची ओढून तिच्या खुर्चीला चिकटवली आणि ऐटीत सांगितलं, "मीही नाव घातलं. मुद्दामच बोललो नव्हतो तुला."

ती करडा कागद फळीला लावत होती. चिकटपट्टी वाकडी लागली.

"तुम्हाला कंटाळा येईल हो इथे."

"आणि घरी एकटा भिंती बघत बसतो, तो कंटाळा नाही?"

कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून तो तिच्या मागे मागे असायचा. भाजी आणायला, दवाखान्यात, गच्चीवर कपडे वाळत घालतानासुद्धा. भांडण नाही, तंटा नाही. उलट जड पिशवी तोच उचलायचा. तक्रार करायची तरी कसली आणि कुणाकडे? वाचनालयाच्या माडीवरचा हा चित्रांचा वर्ग तेवढा तिचा राहिला होता. इथे तिला कुणी हाक मारत नसे.

शिकवणाऱ्या मुलीने समोर एका जुन्या चित्राची प्रत टांगली. बर्फाने झाकलेली वाट, दोन्हीकडे उघडीबोडकी झाडं, लांब धुक्यात विरलेलं एक छप्पर.

"आज हे करायचंय. घाबरू नका, पहिल्यांदा सगळ्यांचाच चिखल होतो. खडू आडवा धरा, हात हलका. आणि बर्फ म्हणजे नुसता पांढरा नव्हे. निळा घ्या, जांभळा घ्या."

तिने निळा घेतला. बोटाने पसरवला, वरून फिकट गुलाबी ओढला. कागदावर खरंच गारठा उतरला.

"माझं बघ ना, झाडाचा झाडू झाला," तो म्हणाला. मग तिच्या कागदाकडे वळला. "तुझी ही फांदी जरा तिरकी गेली बघ." जन्मभर तयार मालातली खोट काढायचं काम केलेला माणूस. बोलला मात्र मायेनेच.

वाटेच्या पार टोकाला, छपराच्याही पुढे, तिने एक उभा ठिपका दिला. पाठमोरी बाई. मूळ चित्रात ती नव्हती.

"वा, काकू!" मुलगी मागे येऊन थांबली. "कुठे निघाली ही?"

"कुठे नाही. अशीच." तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

मुलगी पुढच्या टेबलाकडे गेली. तो वाकला.

"एवढ्या बर्फात एकटीच?" म्हणत त्याने आपला गडद तपकिरी खडू उचलला आणि त्या बाईला खेटून आणखी एक आकृती काढली. तिच्याहून उंच. त्याचा हात हलका नव्हता.

"अहो!"

सगळा वर्ग वळून बघायला लागला.

"काय झालं? सोबत दिली तिला." तो हसत होता. मनापासून.

तिने पांढरा खडू घेऊन त्या माणसावर दाबला. तपकिरी वर आला. पुन्हा दाबला. पांढरा मळला, करडा झाला. खडूचा तुकडा पडला, तरी ती घासतच राहिली.

"काकू, बास आता," मुलगी हळूच म्हणाली. "कागद भरला. यापुढे रंग धरणार नाही तो."

तिने खडू खाली ठेवला. बोटं पांढरीफटक झाली होती. त्याने मान मागे नेऊन चित्र बराच वेळ न्याहाळलं आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

"राहू दे गं. असंच छान आहे," तो म्हणाला. "आता तो तिची सावली वाटतो."