ऑपरेशनच्या कागदावरची सही

सुनेची एक खोड मला आता नकोशी झाली आहे. पडदे कुठले लावू, केस किती कापू, उठताबसता आपलं, "आई, तुम्ही सांगा." नऊ वर्षं खपून ही सवय मीच तिला लावली, पण काल ती माझ्याच अंगाशी आली.

सुनेचे रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एंडोमेट्रिऑसिस आहे. दोन्ही अंडाशयांत जुन्या रक्ताच्या गाठी झाल्यात. काढल्या तर दुखणं बरंच कमी होईल, पण गाठींबरोबर थोडी चांगली स्त्रीबीजंही जातील. ठेवल्या तर दुखणं वाढत जाईल, आणि मूल होईलच असंही नाही."

माझा मुलगा भिंतीवरचा तक्ता वाचत बसला, जशी काही उद्या त्याची परीक्षाच आहे. सून पेन हातात धरून माझ्याकडे वळली.

"आई, आता सोसवत नाही हो. पण उद्या मूल झालंच नाही, तर सगळे मलाच बोलतील. तुम्ही सांगा."

दर महिन्याला ही पोर न्हाणीघराच्या फरशीवर पोट धरून पडते, ते मी पाहिलंय. नको म्हणावं, तर तिथं तिला मीच लोटणार. हो म्हणावं, तर एकुलत्या एका मुलाच्या घरचा पाळणा मीच अडवणार. कुठूनही सुटका नव्हती.

"कर सही," मी म्हटलं. "आणि कुणी बोललंच, तर सासूनं करायला लावली म्हणून सांग. माझ्या तोंडी लागायची कुणाची छाती आहे, ते बघतेच मी."