सत्तावीस नंबरची बांधी

खुशबूने तिसऱ्यांदा तेच विश्लेषण चालवलं आणि सॉफ्टवेअरने तिसऱ्यांदा तेच सांगितलं. फरक नाही.

"पी व्हॅल्यू पॉइंट एकाहत्तर," ती मेघा मॅडमना म्हणाली. "पॉइंट शून्य पाचच्या खाली हवी होती. जवळपाससुद्धा नाही, मॅडम."

तिची अख्खी पीएचडी या एका आकड्यावर टांगलेली होती. सिहोऱ्याजवळच्या तिच्याच गावात धानाच्या चाळीस बांध्या, म्हणजे बांध घातलेले शेताचे तुकडे, निवडल्या होत्या. चिठ्ठ्या टाकून वीस बांध्यांत अझोला सोडला, वीस कोऱ्या ठेवल्या. अझोला म्हणजे पाण्यावर पसरणारी, शेवाळासारखी दिसणारी हिरवी वनस्पती. धानाला ती फुकटात खत पुरवते. त्या वीस बांध्यांत धान जास्त व्हायला हवं होतं. मेलं दोन्हीकडे सारखंच निघालं. हाच निकाल पाठवला की दुसऱ्या वर्षाचा प्रयोग बंद आणि खुशबू घरी.

तिच्या बाबांची, तेजरामची, एक बांधीही प्रयोगात होती. म्हणून कोणता नंबर कोणाचा ही यादी मॅडमनी पाकिटात बंद केली होती. हंगामभर गावात फिरकायचं नाही आणि फोनवर धानाचं विचारायचं नाही, असंही बजावलं होतं.

"आणि हा कोण?" मॅडमनी स्क्रीनवर बोट ठेवलं.

आलेखात खाली एक ठिपका एकटाच लोंबत होता. कोऱ्या गटातला सत्तावीस नंबर. बाकी सगळे एकरी सोळा क्विंटलच्या आसपास, आणि हा साडेबारा.

"असेल कोणी आळशी. काढून टाकू?"

"कारणाशिवाय नाही. आधी कारण शोध."

संध्याकाळी तिने घरी फोन लावला. आईने उचलला आणि नेहमीप्रमाणे गाऱ्हाणी सुरू केली. गाय दूध देत नाही, गुडघा दुखतो, खुशबूने होस्टेलवरून आणलेली गुलाबी मच्छरदाणी पावसाळ्यापासून सापडत नाही.

"तुह्या बाबाले विचारलं त नुसते हासतेत," ललिताबाई म्हणाली.

"आई, बाबाले दे ना."

तेजरामचा आवाज आला. "जय भीम, पोरी. कशी आहेस?"

"जय भीम, बाबा. माह्या कामाची पुरी वाट लागली. एका बांधीनं त नाकच कापलं. सत्तावीस नंबर. कोन आळशी आहे का मालूम!"

पलीकडे तेजराम नुसताच खाकरला. "आयकून राहिले ना, बाबा?"

"आयकून राहिलो ना," तेजराम म्हणाला. "मंग काय करतेस त्याचं?"

"काढून टाकतो त्याले."

"काढ. पन एकडाव पाहून ये."

"तुमाले मालूम आहे का कोनाची ते?"

"मले विचाराले मनाई आहे ना तुले? नियम म्हंजे नियम."

दुसऱ्या दिवशी मॅडमच्या परवानगीने ती गावात उतरली. पहिल्याच घरी कुंताबाई अंगणात तांदूळ पाखडत होत्या.

"काकी, तुमच्या बांधीत अझोला सोडला होता का?"

"नाई वो. चिठ्ठीत आमचा नंबर निंगालाच नाई. मंग शेजारच्या शकुननं देलं पसाभर."

"देलं? तुमाले? काहून?"

"काहून म्हंजे? शेजारीन विरजन मागाले आली त नाई म्हनतेस का तू? आठ दिसात बांधी हिरवीगार! मंग मी चौघींले देलं, त्याईनं आनखी चौघींले."

खुशबू मटकन ओट्यावर बसली. आधी तिला रडू आलं, मग हसू. तिने तिथेच लॅपटॉप उघडला. दोन गटांची तुलना पुसली आणि यंदाच्या धानातून, प्रयोगाआधी नोंदवून ठेवलेलं गेल्या वर्षीचं धान वजा केलं. एकोणचाळीस बांध्या एकरी तीन-तीन क्विंटलने वर गेल्या होत्या. सत्तावीस नंबर तेवढी जागच्या जागी.

तिने मॅडमना फोन लावला. 

"अगं, मग धान वाढलंय की!" मॅडम जवळजवळ ओरडल्याच. "यंदा पाऊसपाणी चांगलं होतं म्हणून वाढलं, असं उद्या कोणी म्हणेल. तसं नाही, हे सांगायला ती एकच बांधी आहे. तेवढ्यावर पीएचडी होत नाही, पण दुसरं वर्ष नक्की मागता येईल. फक्त त्या माणसाने अझोला खरंच घेतला नव्हता, याचा पुरावा आण."

खुशबूने कुंताबाईंना विचारलं.

"नंबर-गिंबर मले नाई समजत," कुंताबाई म्हणाल्या. "पन एक येडा होता खरा. वरच्या बांधीतला अझोला पान्यासंगं वाहून त्याच्या बांधीत याचा. त हा रोज सकारी पान्याच्या तोंडाशी बसून गाळत राहे. आमी केवढं हासलो त्याले! म्हने, आपन शब्द देला आहे."

"कोन तो?"

कुंताबाईंनी सूप खाली ठेवलं आणि तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "तलावाखाली जा. पाह्य तूच."

खुशबू निघाली. धान कापून झालं होतं आणि बांध्यांमध्ये लाखोरीचं कडधान्य हिरवं दिसत होतं. ती मान खाली घालून, खुंट्यांवरचे लाल नंबर वाचत बांधाबांधाने चालली. पंचवीस. सव्वीस. त्या माणसाचे आधी पाय धरायचे, मग त्याला आळशी म्हटल्याची माफी मागायची, असं तिने ठरवून टाकलं होतं.

सत्तावीसच्या खुंटीजवळ, पाणी आत यायच्या खाचेत, दोन बांबूंना एक कापड ताणून बांधलेलं होतं. त्यावर वाळलेल्या अझोल्याचा तपकिरी थर बसला होता. पुरावा! तिने वाकून नखाने तो थर खरवडला. खालून बारीक गुलाबी जाळी निघाली, आणि तिच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने, तिच्याच वेड्यावाकड्या टाक्यांत, लिहिलं होतं: खुशबू, खोली १४.